पुरातून वाचलेला अंक आणि एका मिनिटाची भेट

माननीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात राहतो आणि मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर हिशेब पाहतो. माझ्या वडिलांना चित्रकथांचे वेड होते. पगाराच्या दिवशी ते एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून माझ्यासाठी एक अंक आणत आणि माझ्याआधी स्वतः वाचून काढत. २०१९ च्या पुरात आमचा तळमजला बुडाला आणि दोन पेट्या भरून ठेवलेल्या अंकांचा लगदा झाला. त्यातून एकच अंक हाती लागला, तोही अर्धा भिजलेला. त्यात मावळे रात्री नदी ओलांडतात ते पान वडिलांना फार आवडे. पुढच्याच वर्षी वडील गेले. त्या अंकाचे चित्रकार आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि पुढील महिन्यात पुण्यातील एका कॉमिक संमेलनात वाचकांना सह्या देण्यासाठी बसणार आहेत. चिखलाचे डाग पडलेला अंक त्यांच्यासमोर ठेवला तर त्यांचा अपमान होईल का? मेहुणे म्हणतात, नव्या छपाईच्या पाच प्रती ने, सही झाली की चांगली किंमत येते. माझी नऊ वर्षांची मुलगी चित्रे काढते. तिची वही त्यांना दाखवावी, अशी पत्नीची इच्छा आहे. आणि माझी स्वतःची अडचण अशी, की एवढ्या मोठ्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. काय बोलावे, पाया पडावे की नाही, हे कृपया सांगावे.

एक वाचक, गावभाग, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मी कपाटातले माझे जुने अंक बाहेर काढले आणि त्यांतला एक शेजारी ठेवूनच हे उत्तर लिहायला बसले आहे. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर लगेच देते, म्हणजे पुढचे वाचताना ती मनात घोळत राहणार नाही. तो भिजलेला अंकच घेऊन जा. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेलेले असताना बुडालेल्या घरातून आपला अंक कोणीतरी उचलला, वाळवला आणि इतकी वर्षे जपला, हे कळल्यावर कोणत्या चित्रकाराला अपमान वाटेल? चित्रकथा हातात धरून, कोपरे दुमडून, जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचण्यासाठीच छापल्या जात होत्या, आणि ज्यांनी त्या काढल्या त्यांना हे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून मुंबईला अशाच एका संमेलनाला गेले होते आणि एका ज्येष्ठ चित्रकारांच्या टेबलासमोर रांगेत उभी होते. माझ्या पुढे महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा होता. त्याच्या हातातल्या अंकाच्या पिना केव्हाच गंजून गळाल्या होत्या आणि पाने पांढऱ्या दोऱ्याने, गोधडीला घालतात तशा धावदोऱ्याने शिवलेली होती. त्याने अंक टेबलावर ठेवला तेव्हा चित्रकारांनी पेन उचललेच नाही. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो दोरा अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपला आणि विचारले, “हे कोणी शिवले?” मुलगा म्हणाला, “आजीने.” मग त्यांनी पाने उलटली, एका पानावर थांबले, अंक थोडा तिरका धरला आणि सही करण्यासाठी जागा शोधू लागले. त्या चौकटीत एक घोडेस्वार होता आणि त्याच्या मागे मोकळे आकाश. सही त्यांनी आकाशाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात केली, म्हणजे घोड्याच्या कानाला ती लागणार नाही. त्याआधी आलेल्या सात-आठ कोऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या प्रतींवर त्यांनी मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात, मान वर न करता, एकाच लयीत सह्या केल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी “तुमची चित्रे लहानपणापासून आवडतात” एवढे एक वाक्य बोलले, त्यांनी मान हलवली, सही झाली आणि मी बाजूला झाले. त्या वाक्यात खोटे काहीच नव्हते. पण ते रांगेतल्या प्रत्येकाचे वाक्य होते, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, काय बोलावे हा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच मी अधिक लिहिणार आहे.

तुम्ही सांगलीचे आहात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला त्या गावाला कलावंताला भेटण्याची रीत नव्याने शिकवण्याची गरज नाही. भावे नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला भेटणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. “प्रयोग छान झाला” असे म्हणणाऱ्याला नट हात जोडतो आणि पुढच्याकडे वळतो. पण कोणी म्हणाले, की दुसऱ्या अंकात पत्र वाचून झाल्यावर तुम्ही ते घडी न घालता तसेच हातात धरून ठेवलेत, तेव्हा माझा श्वास अडकला, तर रंग पुसता पुसता त्या नटाचा हात थांबतो. कारण ते पत्र घडी न घालण्याचा निर्णय त्याचा होता, तो त्याने तालमीत कधीतरी घेतला होता, आणि तो कोणाच्या लक्षात आला की नाही हे त्याला आजवर कळले नव्हते. चित्रकथेच्या चित्रकाराचे तर याहून अवघड असते, कारण त्याच्या वाचकाने टाळी वाजवलेली त्याला कधी ऐकूच येत नाही. तो घरी किंवा कचेरीत टेबलावर वाकून काम करतो, अंक छापून स्टॉलवर जातो, आणि मिरजेच्या स्टेशनवर कोणते मूल ते पान किती वेळ बघत बसले हे त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तुमच्याकडे तसे पान आहे. नदी ओलांडण्याचे ते पान जाण्यापूर्वी एकदा शांतपणे, खिडकीपाशी बसून पाहा आणि ते कसे घडवले आहे हे स्वतःला विचारा. चित्रकाराच्या हाती बहुधा लेखकाने लिहिलेली संहिता येते. “मावळे रात्री नदी ओलांडतात” एवढेच त्यात लिहिलेले असू शकते. ते किती चौकटींत सांगायचे, नदी काठावरून दाखवायची की पाण्यातून, चेहरे जवळून घ्यायचे की फक्त पागोटी आणि भाल्यांची टोके, हे चित्रकार ठरवतो. मग पेन्सिल, त्यावर ब्रशने किंवा टाकाने काळी शाई, मग अक्षरे आणि संवादांचे बलून, मग रंग, आणि यांतली पुढची कामे पुष्कळदा वेगळ्या माणसांकडे असत. रात्र दाखवण्यासाठी त्यांनी सगळे आकाश काळे भरले आहे, की निळ्या रंगावर काम सोपवले आहे? पाणी रेषांनी काढले आहे, की जवळजवळ कोरड्या ब्रशच्या फटकाऱ्याने? माणसांची प्रतिबिंबे आहेत का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना तुम्हाला तुमच्या वडिलांना ते पान का आवडत होते, हे कदाचित प्रथमच शब्दांत सापडेल, आणि जे सापडेल तेच तुम्ही बोलायचे आहे.

त्या काळातील छपाईचा विचारही यात करावा लागतो, कारण आज आपण ज्याला शैली म्हणतो त्यातले बरेचसे तुटपुंज्या साधनांतून काढलेली वाट असते. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली. मालिकेतला ‘कृष्ण’ हा ११ वा अंक राम वाईरकरांनी रेखाटला. सुरुवातीच्या अंकांत खर्च वाचवण्यासाठी मोजकेच रंग वापरलेले असत, त्यामुळे उठाव आणण्याचे सगळे ओझे काळ्या रेषेवर येई. बत्तीस पानांत अख्खे चरित्र बसवायचे असे. त्याच वाईरकरांनी पुढे ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला सुप्पांडी काढला, एकच हात एकीकडे यमुनेकाठचा कृष्ण आणि दुसरीकडे शंकूसारख्या डोक्याचा तो भोळा नोकर काढू शकतो, हे मुलीला दोन्ही अंक शेजारी ठेवून अवश्य दाखवा. प्रताप मुळीकांनी पौराणिक आणि ऐतिहासिक कथांबरोबर पुढे हिंदी कॉमिक्समधला नागराजही रेखाटला. ‘टिंकल’मधल्याच शिकारी शंभूचे डोळे टोपीखाली झाकून त्याला देशभर ओळख देणारे वसंत हळबेही मराठीच. ही नावे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या घरांत पात्रांची नावे सर्वांना पाठ असतात आणि ज्यांनी ती काढली त्यांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत.

यावरून एक सावधगिरीची सूचना. तुमच्या अंकावर चित्रकाराचे नाव छापलेले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. लहान प्रकाशकांच्या कित्येक चित्रकथांवर ते नसे. नसेल, तर पहिल्या पानाच्या मोठ्या चौकटीच्या तळाशी, दगडाच्या किंवा गवताच्या रेषांत लपवलेली बारीक सही किंवा आद्याक्षरे शोधा. भिंगाखाली ती पुष्कळदा सापडते. मुखपृष्ठ एकाचे आणि आतली चित्रे दुसऱ्याची, असेही होत असे. दुसऱ्याचे काम समोर ठेवून सही मागितली गेली तर तो संकोच दोन्ही बाजूंना फार जड जातो. खात्री होत नसेल तर सरळ विचारा, “हे पान आपल्या हातचे आहे ना?” या विचारण्यात आदरच आहे.

मात्र “तुम्हाला हे आठवते का?” असे विचारू नका. ज्याने आयुष्यात हजारो पाने काढली त्याला पस्तीस वर्षांपूर्वीचे एक पान आठवेलच असे नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला चारचौघांत “नाही आठवत” असे म्हणायला लावणे मला योग्य वाटत नाही. तुम्ही पान उघडून समोर ठेवा आणि तुम्हाला काय आठवते ते सांगा. वडिलांविषयी सांगावे की नाही, असा संकोच तुमच्या पत्रात ओळींमागे दिसतो. अवश्य सांगा. “हा अंक माझ्या वडिलांनी पगाराच्या दिवशी आणला होता. पुरात दोन पेट्या गेल्या, हा एक राहिला. ही चौकट ते मला बोट ठेवून दाखवत असत.” एवढे पुरे आहे. घरी मुलीसमोर दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहा. पाठ करायचे म्हणून नव्हे. गळा भरून आला तर कुठे येतो हे आधी कळावे म्हणून. आणि पुण्यात तो भरून आलाच, तर थांबा, पानावर बोट ठेवा. चित्रकाराला चित्राकडे बोट दाखवलेले समजते.

त्यांचा प्रतिसाद कसा येईल, याची एक बाजू मी तुमच्यापासून लपवत नाही. त्यांना कमी ऐकू येत असेल, ते दमलेले असतील, किंवा चित्रकथांविषयी ते थोडे तुटकपणे बोलतील. त्या पिढीतल्या अनेकांनी कलाशाळेत शिक्षण घेतले होते, व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे करण्याची त्यांची आस होती, आणि घर चालवण्यासाठी पानामागे ठरलेल्या मोबदल्यावर त्यांनी चित्रकथा काढल्या. लोक आपल्याला त्याच कामासाठी ओळखतात, याचे काहींना अजून नवल वाटते, काहींना थोडे दुःखही. तसे झाले तर वाद घालू नका, समजूतही घालू नका. तुम्ही सांगितलेले त्यांनी ऐकलेले असते.

आता मेहुण्यांचा सल्ला. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. सही केलेल्या प्रतींचा बाजार आहे आणि परदेशांत तर साक्षीदारासमोर झालेली सही प्रमाणित करून अंक पारदर्शक पेटीत बंद करून देणाऱ्या संस्थाही आहेत. पण पाच प्रतींचा गठ्ठा घेऊन वृद्ध माणसासमोर जाऊ नका, असे मी तुम्हाला कळकळीने सांगते. बहुतेक संमेलनांत प्रत्येकी एक किंवा दोन वस्तूंचीच मर्यादा असते हे एक, आणि पाचवी सही त्याच दुखऱ्या बोटांनी करायची असते हे दुसरे. तिसरे कारण इतिहासातले आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले, आणि वार्षिक मानधन व निर्माते म्हणून नाव हे दोन्ही त्यांना मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. अमेरिकी चित्रकथांचे चित्रकार जॅक कर्बी यांनी काढलेल्या हजारो मूळ पानांपैकी सुमारे दोन हजारच त्यांना १९८७ मध्ये परत मिळाली. आपल्याकडेही मूळ पाने बहुधा प्रकाशकाकडेच राहिली आणि पुनर्मुद्रणाचा पैसा सहसा चित्रकाराच्या घरापर्यंत आला नाही. अशा माणसाच्या सहीवर तिसऱ्याने नफा काढावा, हे तुमच्या वडिलांना रुचले असते असे मला वाटत नाही. तुम्हाला पैसे खर्च करायचेच असतील तर ते त्यांच्याच टेबलावर करा. मूळ चित्र, छापील चित्र, पोस्टकार्ड, जे काही त्यांनी विकायला ठेवले असेल ते घ्या आणि घासाघीस करू नका. तुमच्यासाठी एखादे रेखाटन हवे असेल तर “एक छोटेसे काढून द्या ना” असे म्हणू नका. त्याचे मानधन किती, हे आधी विचारा, आणि रांग मोठी असेल तर विचारूही नका.

अंकाची काळजी जाण्याआधीच घ्यायला हवी. पाने चिकटलेली असतील तर ओढून सुटी करू नका. वाळलेला चिखल उघड्यावर, तोंडाला फडके बांधून, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका, कारण पुरात भिजलेल्या कागदावर बुरशी असू शकते. इस्त्री फिरवू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मी एका जुन्या मुखपृष्ठाचे हौसेने करून घेतले, आणि उष्णतेने त्याची शाई प्लॅस्टिकला अशी चिकटली की आता कागद आणि वेष्टन वेगळे होत नाहीत. टीपकागदाच्या दोन तावांमध्ये अंक ठेवून वर जड शब्दकोश ठेवला तर आठवड्याभरात पाने बरीच सपाट होतात. प्रवासात मागे ताठ पुठ्ठा लावून पिशवीत ठेवा.

पेनाचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो, पण तुमच्या बाबतीत तो निर्णायक आहे. स्वस्त वर्तमानपत्री कागद मुळातच शाई शोषणारा असतो, आणि एकदा भिजून वाळल्यावर तो टीपकागदासारखाच वागू लागतो; त्यावर मार्कर किंवा शाईपेन टेकवले की अक्षर फुटते आणि मागच्या पानावर उतरते. त्याच अंकातील जाहिरातीच्या पानाच्या कोपऱ्यात आधी चाचणी घेऊन पाहा. माझा अनुभव असा, की अशा कागदावर साधे बारीक बॉलपेन सर्वांत विश्वासू असते, फक्त खाली कडक पुठ्ठा सरकवावा, म्हणजे दाबाचा वण पुढच्या पानांवर उमटत नाही. मुखपृष्ठ गुळगुळीत आणि शाबूत असेल तर त्यावर कायम शाईचा मार्कर चालतो. गडद रंगावर चंदेरी उठून दिसतो. जेल पेन मात्र पुसले जाते. सही झाल्यावर मिनिटभर अंक उघडाच धरा आणि मग त्यावर बटरपेपर ठेवून मिटा. पेन तुमचेच न्या, टोपण काढून हातात द्या. कोणत्या पानावर सही हवी ते सांगा, पण नेमकी कुठे हे त्यांच्यावर सोडा. स्वतःच्या चित्रात मोकळी जागा कोठे आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

मुलीला अवश्य न्या. वहीविषयी मात्र माझे मत तुमच्या पत्नीपेक्षा थोडे निराळे आहे, आणि ते मी त्यांच्या हौसेविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते. मागे शंभर माणसे उभी असताना नऊ वर्षांच्या मुलीची वही पुढे केली, तर चित्रकार “छान” म्हणतील, कारण दुसरे काही म्हणायला वेळच नसतो, आणि मुलांना असे घाईचे “छान” बरोबर ओळखता येते. त्याऐवजी तिला तिच्या मनातला एक खरा प्रश्न विचारू द्या. घोडा काढताना आधी पाय काढायचे की पाठ? रात्र काळी न करता कशी दाखवायची? असा प्रश्न आला की ही माणसे पुष्कळदा कागदाच्या कपट्यावर दोन रेषा ओढून दाखवतात, आणि तो कपटा सहीपेक्षा मोलाचा असतो. प्रश्न तिचाच असावा. तुम्ही शिकवलेला नको. आणि तिने स्वतः काढलेले एक चित्र, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, मागे नाव, वय आणि गाव लिहून, त्यांना भेट म्हणून द्यावे. ते घरी जाऊन निवांत पाहतील.

जाण्यापूर्वी एखाद्या रविवारी तिला आमच्या जिल्ह्यातील औंधला घेऊन या. यमाईच्या डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रे आहेत. हे राजे स्वतः चित्रकार होते, आणि त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. एक अख्खी कथा एकामागून एक चित्रांतून सांगण्याची ही धडपड आपल्या कृष्णाकाठापासून इतकी जवळ झाली आहे, हे पाहून ती पुण्याला गेली तर टेबलामागे बसलेले आजोबा तिला परके वाटणार नाहीत. तिथे रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे; तिच्यासमोर मुलीला थोडा वेळ एकटीला उभी राहू द्या.

पाया पडण्याविषयी: मधे टेबल असते, मागे रांग असते आणि आजूबाजूला विजेच्या तारा असतात. टेबलाखालून वाकण्याचा प्रयत्न करू नका, त्यांना उठायलाही लावू नका. समोर उभे राहून, मान लववून, दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार पूर्ण असतो. मुलीने वाकावे अशी तुमची इच्छा असेल आणि जागा असेल, तर सोबतच्या स्वयंसेवकाला विचारून टेबलाच्या बाजूने जाता येईल. हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नका; दिवसभर सह्या करणाऱ्या हाताला ते नकोसे होते. छायाचित्रासाठी आधी परवानगी घ्या, फ्लॅश बंद ठेवा, आणि खांद्यावर हात टाकू नका. ज्येष्ठ कलावंताला “सर” म्हणावे की “काका”, असाही प्रश्न तुमच्या मनात येईल. मराठी माणसाने मराठी चित्रकाराला आडनावापुढे “साहेब” किंवा नुसते “सर” म्हटलेले शोभते, काका-आजोबा हे मुलीसाठी राहू द्या.

आपल्या देशात ही संमेलने २०११ साली दिल्लीतून सुरू झाली आणि त्यांचे रूप साहित्य संमेलनापेक्षा बरेच वेगळे असते. तरुण मुले-मुली पात्रांचे पोशाख करून आलेली असतात, संगीत मोठ्याने चालू असते आणि बोलणे ऐकू येण्यासाठी वाकावे लागते. सह्यांची वेळ मर्यादित असते आणि पुष्कळदा टोकन घ्यावे लागते, तेव्हा सकाळच्या गाडीवर विसंबू नका. आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा, दार उघडताच आत जा आणि आधी टोकनाची चौकशी करा. मुलीसाठी पाण्याची बाटली आणि खाऊ बरोबर असू द्या, कारण रांगेत दोन तास सहज जातात.

सही कोणाच्या नावाने घ्यावी हे तुम्ही विचारलेले नाही, पण सही करताना ते विचारतील. नाव घातलेली सही बाजारात कमी किमतीची समजली जाते. तुमचा अंक विकण्यासाठी नाही, हे त्यांना त्यावरूनच कळेल. माझ्या मते तिथे तुमच्या वडिलांचे नाव असावे, कारण अंक त्यांचा आहे. गोंगाटात तोंडी सांगितलेले नाव चुकीचे ऐकू येते, म्हणून घरूनच एका कोऱ्या चिठ्ठीवर ते देवनागरीत, ठळक अक्षरांत, ऱ्हस्व-दीर्घ नीट तपासून लिहून न्या, आणि ती चिठ्ठी नदी ओलांडण्याच्या त्या पानात ठेवा, म्हणजे अंक त्यांच्यासमोर ठेवताच तेच पान उघडेल.